मधाच्या मद्याचा शोध

मोहाच्या फुलांचे ढीग दर उन्हाळ्यांत पाहण्याची भंडारा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास संवय आहे. परंतु मध आंबवून केलेलें मद्य, ज्यास 'मीड' म्हणतात, तें आपल्या बाजूच्या दुकानांत मिळतें काय, हें पाहण्याची बुद्धि प्रस्तुत लेखकास गेल्या हिंवाळ्यांत झाली. शेतकऱ्यानें असल्या चौकशींत कां पडावें, असें कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेंच कीं, ज्या मालास शहरांत नवें गिऱ्हाईक लागतें, त्याची वार्ता माल काढणारास सर्वांच्या आधीं असावी.

भंडारा व तुमसर येथील ज्या परवान्याच्या दुकानांत मीं विचारणा केली, तेथें हें नांवच कोणास ठाऊक नव्हतें. एका दुकानदारानें मोठ्या अगत्यानें एक बाटली पुढें ठेविली. तिच्या नांवांत मधमाशी होती, पण आंत ब्रँडी. दुसऱ्याचा समज असा झाला कीं, मी मोहाची मागत आहें! ही गल्लत साहजिक असली तरी दोहोंत भेद मोठा आहे. मोहाची दारू आंबवणानंतर भट्टी लावून काढतात. मीड भट्टीवर चढत नाहीं. मधांत पाणी मिसळून यीस्ट घालावयाचें व साखरेचा मद्यार्क झाल्यावर गाळ बसूं द्यावयाचा, एवढीच मूळ कृति. लिटरमागें सुमारें 17 ग्रॅम साखर आंबली म्हणजे शेंकडा 1 मद्यार्क उतरतो. मधांत साखर शेंकडा 80 च्या आसपास असते. म्हणून शेंकडा 12 मद्यार्काच्या एक लिटर मीडला सुमारें पाव किलो मध खर्ची पडतो.

पुढें पुण्यास जाणें झालें, तेव्हां बिऱ्हाडाजवळच्याच एका दुकानांत हा शोध फळास आला. पुण्यास रोहन रेहानी व नितीन विश्वास यांनीं 'मूनशाइन मीडरी' काढिली असून सफरचंदाचें व कॉफीचें अशीं चमत्कारिक मीडें ते करितात. नाशिकास योगिनी बुधकर व अश्विनी देवरे यांची 'सेराना' आहे. तेथें जांभूळ घातलेलें मीड होतें. 'सेराना' हें नांव एपिस सेराना, म्हणजे आपल्या ओळखीची सातेरी माशी, हिच्यावरून घेतलेलें आहे.

आतां आपल्या घरचा विचार करूं. आपल्या रानांतील बराचसा मध आग्या मोहोळांचा. धूर व जाळ करून माशा मारावयाच्या, सबंध पोळें कापावयाचें व अळ्या, पराग, मेण यांसकट हातानें पिळावयाचें, ही रीत अजून कित्येक ठिकाणीं चालते. असा मध गढूळ व पाणचट निघतो. पाण्याचा अंश शेंकडा 20 च्या वर गेला कीं तो डब्यांतच फसफसतो. हें मीड नव्हे, नासाडी होय. याउलट पोळ्याचा फांदीलगतचा, मेणानें झांकलेला मधाचा भागच कापला व अळ्यांचा भाग राहूं दिला, तर मध पक्व व स्वच्छ मिळतो आणि वसाहतहि वांचते. करंजाचा, जांभळाचा मध निरनिराळा ठेवितां आला, तर चव ओळखून घेणारास तो वेगळा दाखवितां येईल.

दुसरी गोष्ट शेताची. धानाच्या फुलांत मकरंद नसतो. माशी जगते ती धुऱ्यावरच्या तुरीवर, तिळावर, जवसावर व रानावर. तूर फुलांत असतां भर दुपारीं औषध फवारणारा शेतकरी आपलेंच पीक व आपलाच मध एकदम घालवितो. फवारणी करणें भागच असेल, तर ती माशा परतल्यावर, सायंकाळीं करावी. सातारा जिल्ह्यांतील मांघर या गांवास 2022 सालीं 'मधाचें गांव' म्हणून मान मिळाला, तो माशी जगविल्यामुळेंच.

हा लेख वाचून कोणी घरीं मडकें मांडूं नये. परवान्यावांचून मद्य करणें 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वयें गुन्हा आहे; आणि मद्यपानाची शिफारस करणें हा आमचा हेतुहि नव्हे. शेतकऱ्यानें बाटली विकावी असें नाहीं. बाटलींत जावयाजोगा मध विकावा. आज भंडाऱ्याच्या दुकानांत मीडचें नांव कोणास ठाऊक नाहीं, याचें दुःख नको. उद्यां पुण्यानाशिकाकडील कारखानदार मधाच्या शोधार्थ निघाला, तर त्यास भंडाऱ्याचें नांव ठाऊक असावें, एवढी खटपट मात्र आपल्या हातची आहे.