पॉवर इंजिनिअर, पण महावितरणवाला नव्हे!

गेल्या महिन्यात सांगलीहून आतेभावाचा फोन आला. "पोरगा कॅनडाला जायचं म्हणतोय. पॉवर इंजिनिअरिंग, को-ऑप. परत आला तर महावितरणमध्ये घेतील का रे? आणि को-ऑप म्हणजे आपल्यासारखं सहकारी कॉलेज का?"

मी हसलो, पण एडमंटनला आलो तेव्हा माझंही ज्ञान एवढंच होतं. अल्बर्टात पॉवर इंजिनिअर म्हणजे विजेचा इंजिनिअर नव्हे. हा माणूस बॉयलर चालवतो. त्याबरोबर टर्बाइन, पंप, पाण्याची प्रक्रिया, कूलिंग सगळंच त्याच्या ताब्यात. हॉस्पिटल, विद्यापीठ, पेपर मिल, रिफायनरी, जिथे मोठी वाफ तिथे तो. उत्तरेला फोर्ट मॅकमरेच्या भागात तर जमिनीखालचं डांबरासारखं तेल वाफेने पातळ करून काढतात. एकावर एक अशा दोन आडव्या विहिरी, मध्ये साधारण पाच मीटर अंतर. वरून वाफ सोडायची, खालून तेल उपसायचं. त्यामुळे तिकडे बॉयलरवाल्याला किंमत आहे.

दादाला म्हटलं, "आपल्या साखर कारखान्यातल्या बॉयलर अटेंडंटचा हा लांबचा भाऊ समज." पलीकडे शांतता. इंजिनिअर म्हणून पाठवायचं आणि पोरगा बॉयलरवर? पण इथे त्यात कमीपणा नाही. पाण्याची वाफ झाली की तिला साध्या दाबाला सुमारे सोळाशे पट जागा लागते. बॉयलरमधलं पाणी खाली गेलं, नळ्या तापून लाल झाल्या आणि घाबरून कोणी त्यावर गार पाणी सोडलं, तर इमारत राहत नाही. म्हणून या कामाला सरकारमान्य सर्टिफिकेट लागतं. इथले लोक त्याला 'तिकीट' म्हणतात. पाचव्या वर्गापासून पहिल्यापर्यंत चढत जायचं. आकडा लहान, माणूस मोठा. अल्बर्टात परीक्षा एबीएसए ही संस्था घेते. चौथ्या वर्गाला दोन पेपर, तिसऱ्याला चार, दुसऱ्याला सहा. पासिंग 65 टक्क्यांना, आपल्या 35 ची सवय इथे सोडायची. आपल्याकडचं बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट इथे जसंच्या तसं चालत नाही.

पेपर अभ्यासाने सुटतात, आपली पोरं त्यात मागे नाहीत. अडतं ते 'स्टीम टाइम'पाशी, म्हणजे चालू प्लांटवर काढलेल्या महिन्यांपाशी. तुम्ही इतके महिने काम केलंत असं तिथल्या चीफ इंजिनिअरने लिहून द्यावं लागतं. कॉलेजच्या बॉयलरवरचे तास काही प्रमाणात धरतात, पण वरच्या तिकिटाला खरा प्लांटच लागतो. आणि प्लांटवाले विचारतात, अनुभव आहे का?

मी याच खिंडीत अडकलो होतो. साधा कोर्स घेतला होता, को-ऑपचा नाही; फी थोडी कमी होती, तेवढंच पाहिलं. तिसऱ्या वर्गाचे पेपर सुटले आणि नेमके 2015 मध्ये तेलाचे भाव पडलेले. चौदा महिने गोदामात खोके उचलले. बायको घरी विचारायची नाही, ते जास्त लागायचं. शेवटी एका हॉस्पिटलच्या बॉयलर रूममध्ये रात्रपाळी मिळाली. बाहेर उणे 38, आत गेज ग्लासमधल्या पाण्याकडे बघत बसलेला मी. त्या रात्री घरी फोन केला नाही, रडू आलं असतं.

को-ऑपचा उपयोग इथे होतो. काही महिने वर्गात, काही महिने पगारी कामावर, पुन्हा वर्गात. ही पद्धत 1906 मध्ये अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी सुरू केली; कॅनडात वॉटर्लू विद्यापीठाने 1957 पासून ती रुजवली. सहकाराशी काही संबंध नाही. कॉलेज आणि कारखाना यांनी मिळून शिकवायचं, एवढंच. फोर्ट मॅकमरेच्या कियानो कॉलेजात पॉवर इंजिनिअरिंग असं शिकवतात. शिकता शिकता स्टीम टाइम जमतो आणि चीफ इंजिनिअर तुम्हाला नावाने ओळखतो. नोकरीला ती ओळख कामी येते.

पण दादाला पुढचंही सांगितलं, कारण एजंटच्या रंगीत कागदावर ते नव्हतं. को-ऑपची जागा कॉलेज हातात देत नाही. जाहिराती लागतात, अर्ज करायचा, मुलाखत द्यायची, कंपनी निवडते. मंदीत जागा आटतात. म्हणून फी भरण्याआधी कॉलेजला थेट ईमेल करून विचार: मागच्या तुकडीतल्या किती जणांना प्लांटवर काम मिळालं? परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती? त्या कामाचे महिने परीक्षेला धरतात का? शिक्षण संपल्यावरचा वर्क परमिट याच कोर्सला मिळतो का? उत्तर गोलमाल आलं तर शेत विकू नकोस.

"शेताचं तुला कुणी सांगितलं?" दादा एकदम म्हणाला. कुणीच नव्हतं सांगितलं.

मग पोरगा फोनवर आला. "काका, जमेल का मला?" म्हटलं, "दसऱ्याच्या आसपास कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन असतं. फोटो काढून परत येऊ नकोस. गाळप सुरू झालं की रात्रपाळीला आठ दिवस तिथे उभा राहा. उष्णता, आवाज, जागरण. मग मला फोन कर."

मागून दादाचा आवाज आला, "तिथला बॉयलर अटेंडंट माझ्या वर्गातला आहे. उद्याच बोलतो त्याच्याशी."