लिंबूसत्त्वाचा घाऊक व्यापार : माल गोणीत, जोखीम कागदावर

ढोकळ्याच्या पिठात किंवा सरबतात चिमूटभर पडणारे लिंबूसत्त्व गृहिणींच्या परिचयाचे आहे. हेच पांढरे, स्फटिकरूप द्रव्य सायट्रिक आम्ल या नावाने कारखान्यांच्या दारी पोहोचते, तेव्हा त्याचे मोजमाप चिमटीत न होता टनांत होते. जगभरात त्याचे उत्पादन दरवर्षी वीस लाख टनांहून अधिक होते. शीतपेये, गोळ्या-चॉकलेटे, फसफसणाऱ्या औषधी गोळ्या, धुण्याची पूड, बॉयलरमधील क्षार काढण्याची द्रावणे अशा कितीतरी ठिकाणी त्याचा उपयोग होतो. असा माल उद्योगांना घाऊक पुरविणाऱ्या व्यापाऱ्याचे गणित वरवर सोपे दिसते. प्रत्यक्षात मात्र रसायनशास्त्र, सागरी वाहतूक आणि बँकव्यवहार या तिन्हींची जाण असल्याशिवाय ते सुटत नाही.

लिंबापासून बुरशीपर्यंत

स्वीडनमध्ये कार्यरत असलेले रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून हे आम्ल स्फटिकरूपात वेगळे केले. पुढे दीर्घकाळ इटलीतील लिंबूबागा हाच त्याचा मुख्य आधार होता. १९१७ मध्ये अमेरिकेतील जेम्स करी यांनी ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेपासून सायट्रिक आम्ल कार्यक्षमतेने तयार करू शकते, हे दाखवून दिले आणि १९१९ मध्ये फायझर कंपनीने त्या पद्धतीने उत्पादन सुरू केले. आज मळी, साखर किंवा मक्याच्या स्टार्चपासून मिळणारी शर्करा मोठ्या टाक्यांत आंबवून हे आम्ल मिळविले जाते. उत्पादनात चीन अग्रेसर असून भारतातील गरजही प्रामुख्याने आयातीतून भागते. एकाच देशावरील हे अवलंबन व्यापाऱ्याच्या जोखमीचे मूळ आहे.

मारतहळ्ळीचे स्थान

बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी आज माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांमुळे ओळखली जाते. तिच्या नावाचा संबंध कोणी मराठ्यांच्या वस्तीशी, तर कोणी जवळच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये तयार झालेल्या ‘मारुत’ या लढाऊ विमानाशी जोडतात. सतराव्या शतकात बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती, हे स्मरता पहिली व्युत्पत्ती मराठी मनाला अधिक भावते, एवढेच.

घाऊक पुरवठ्याच्या दृष्टीने येथील सोय वेगळीच आहे. वर्तुळाकार बाह्य रस्ता आणि जुना विमानतळ रस्ता येथे एकत्र येतात. चेन्नई बंदरात उतरलेले कंटेनर व्हाइटफील्ड येथील अंतर्देशीय कंटेनर आगारात येतात आणि ते आगार येथून जवळच आहे. होस्कोटेकडील गोदामे, बोम्मसंद्र व जिगणीचे औषध कारखाने, सीमेपलीकडील होसूर आणि शहराच्या दुसऱ्या टोकाचे पीण्या अशी विविध गिऱ्हाइके एका दिवसाच्या फेरीत येतात. खाद्यपदार्थ व औषधे यांखेरीज स्टेनलेस स्टीलच्या सुट्या भागांचा पृष्ठभाग स्वच्छ करून गंजरोधक करण्यासाठीही नायट्रिक आम्लाऐवजी सायट्रिक आम्ल वापरता येते. यंत्रभागांच्या या नगरीत त्यामुळे या मालाला आणखी एक वाट मोकळी झाली आहे.

किलोचा भाव की आम्लाचा भाव?

सायट्रिक आम्ल दोन रूपांत विकले जाते : निर्जल आणि एकजलीय. एकजलीय प्रकारात वजनाच्या सुमारे ८.६ टक्के पाणी स्फटिकातच बद्ध असते. वीस फुटी कंटेनरमध्ये २५ किलोच्या सुमारे एक हजार गोण्या, म्हणजे २५ टन माल मावतो. तो एकजलीय असल्यास त्यांपैकी दोन टनांहून अधिक पाणीच असते. ही भेसळ नव्हे; तो त्या मालाचा स्वभावधर्म आहे. मात्र भाव ठरविताना त्याचा विसर पडला तर नुकसान निश्चित.

उदाहरणादाखल निर्जल माल ८० रुपये किलो आणि एकजलीय ७६ रुपये किलो आहे, असे समजू. चार रुपयांची बचत आकर्षक वाटते. परंतु शुद्ध आम्लाच्या हिशेबाने दुसऱ्या मालाचा भाव सुमारे ८३ रुपये पडतो. म्हणून खरेदी आदेशात प्रकार, दर्जा आणि प्रत्येक खेपेचे विश्लेषण प्रमाणपत्र यांचा स्पष्ट उल्लेख हवा. खाद्य उपयोगासाठी अन्नसुरक्षा परवाना आणि औषधी उपयोगासाठी औषधकोशाचा दर्जा अपरिहार्य ठरतो.

साठवणुकीचेही तसेच. दमट हवेत निर्जल माल ओलावा ओढून घेतो आणि त्याचे ढेकूळ बनते; कोरड्या व उष्ण हवेत एकजलीय स्फटिक आपले पाणी सोडू लागतात. गोण्या जमिनीपासून उंच फळ्यांवर, भिंतीपासून अंतर राखून ठेवणे आणि आधी आलेला माल आधी काढणे ही शिस्त येथे थेट नफ्याशी निगडित आहे. घट्ट झालेली गोणी गिऱ्हाईक परत पाठविते; बँकेच्या साठा विवरणपत्रात मात्र ती पूर्ण किमतीने दिसत राहते. मासिक तपासणीत अधिकाऱ्याने एखाद-दुसरी गोणी हाताने दाबून पाहावी, ती एवढ्याचसाठी.

बँक पाहते ती कागदपत्रे

आयातीसाठी उघडलेल्या पतपत्राविषयी, म्हणजेच एलसीविषयी, अनेक ग्राहकांचा एक गैरसमज असतो : माल खराब निघाला तर बँक पैसे अडवील. १ जुलै २००७ पासून अमलात आलेल्या ‘यूसीपी ६००’ या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार बँकांचा व्यवहार कागदपत्रांशी असतो, मालाशी नव्हे. कागदपत्रे अटींनुसार बिनचूक असतील तर पैसे द्यावेच लागतात, मग गोणीत काहीही असो.

यावर उपाय आहे, पण तो एलसी उघडण्यापूर्वी. माल चढविण्यापूर्वी त्रयस्थ संस्थेने केलेल्या तपासणीचे प्रमाणपत्र आवश्यक कागदपत्रांत समाविष्ट करावे. सीआयएफ अटीत विमा विक्रेता उतरवितो. परंतु जहाजावर माल चढताच जोखीम खरेदीदाराकडे येते आणि विक्रेत्यावर बंधनकारक असलेले विमासंरक्षण किमान स्वरूपाचे असते. पाण्याचे वावडे असलेल्या या मालासाठी अधिक व्यापक संरक्षण स्पष्टपणे मागून घ्यावे. देणे डॉलरमध्ये असेल तर वायदा करार करून विनिमय दर आधीच निश्चित करता येतो.

उधारीचे चक्र

या व्यवसायाचा खरा कस वसुलीत लागतो. पुन्हा एक उदाहरण घेऊ. दरमहा एक कंटेनर, किंमत २० लाख रुपये. प्रवास व जकात सोपस्कार ३५ दिवस, गोदामात २५ दिवस आणि गिऱ्हाइकाला उधारी ६० दिवस, असे १२० दिवसांचे चक्र. म्हणजे एका वेळी चार कंटेनर, ८० लाख रुपये गुंतलेले. विक्रेत्याने ६० दिवसांची मुदत दिल्यास निम्मा भार तो उचलतो. उरलेले ४० लाख स्वतःचे भांडवल आणि बँकेची रोख पत यांतून उभे राहतात. कर आणि भाडे वेगळेच.

आता गिऱ्हाइकांनी केवळ ३० दिवस उशीर केला, तर ४० लाखांची गरज ६० लाखांवर जाते. दहा टक्के व्याजाने एका कंटेनरवर सुमारे १६,४०० रुपयांचा, म्हणजे किलोमागे ६६ पैशांचा भुर्दंड पडतो. नफा किलोमागे दोन रुपये धरला, तर त्याचा तिसरा हिस्सा महिन्याभराच्या विलंबात गेला. शिवाय ९० दिवसांहून जुनी येणी सामान्यतः आहरण क्षमतेत धरली जात नाहीत. पैशांची गरज वाढते, तेव्हाच उचल कमी होते.

येथे एक बाब व्यापाऱ्यांनी नीट समजून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने सूक्ष्म व लघु पुरवठादारांना कमाल ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क दिला. २ जुलै २०२१ च्या आदेशाने घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी खुली झाली. परंतु तिचा लाभ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरता मर्यादित ठेवण्यात आला. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्याने नोंदणी प्रमाणपत्र हाती आहे म्हणून विलंबित देण्याच्या संरक्षणावर विसंबू नये. त्याचे संरक्षण म्हणजे लेखी करार, प्रत्येक गिऱ्हाइकाची ठरवून दिलेली उधारीची मर्यादा आणि ती ओलांडली की पुढची गाडी थांबविण्याचा निग्रह.

मोठी मागणी नोंदविणारे गिऱ्हाईक दुखवू नये, हे खरे. परंतु एकाच गिऱ्हाइकाकडे निम्मी येणी अडकली, तर दुखणे आपल्याकडे येते. अडचण दिसू लागताच शाखेत येऊन ती मोकळेपणाने सांगणारा ग्राहक बँकेला अधिक विश्वासार्ह वाटतो. मालात आंबटपणा असावा, तो त्याचा गुणच आहे. देण्याघेण्यात मात्र तो उतरू नये.