बॉयलर थांबतो कधी?

डब्लिनमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान पाच अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. बर्फ क्वचितच पडतो, पण ऑक्टोबरात आलेला दमट गारठा एप्रिल संपेपर्यंत हटत नाही. लूकन किंवा सोर्ड्सला जुनं तीन बेडरूमचं घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात गॅसचं बिल हबकवतं, आणि मनात येतो तो मोबाइलवर चालणारा स्मार्ट थर्मोस्टॅट. माझ्या मते तो खर्च यादीत शेवटी यावा. पैसे वाचतात ते गरज संपल्यावर बॉयलर थांबतो म्हणून. त्याला मोबाइलने थांबवलं की भिंतीवरच्या साध्या यंत्राने, याने फारसं बिघडत नाही.

आधी जुन्या घरातली व्यवस्था पाहू. बॉयलर पाणी तापवतो आणि पंप ते नळ्यांतून फिरवतो. काही पाणी खोल्यांमधल्या रेडिएटरमधून जातं. काही जातं ते हॉट प्रेस नावाच्या कपाटातल्या सिलिंडरमध्ये. तिथे वेटोळ्या नळीतून फिरताना ते आंघोळीचं पाणी तापवतं. बऱ्याच जुन्या घरांत या सगळ्यावर मिळून एकच घड्याळ असतं. ते सहा ते आठ लावलं की रिकाम्या बेडरूमसुद्धा तापतात. उन्हाळ्यात नुसत्या आंघोळीसाठी रेडिएटर कोण तापवणार? मग सिलिंडरमधलं विजेचं इमर्शन लावलं जातं. ते साधारण तीन किलोवॉटचं, म्हणजे तासाला तीन युनिट, आणि विजेचं युनिट गॅसच्या युनिटाच्या दुपटीहून महाग. ‘इमर्शन बंद केलंस का?’ हा आयरिश घरांतला ठरलेला विनोद आहे, पण त्यामागचं बिल खरं आहे.

सुरुवात फुकटच्या गोष्टींनी करावी. बॉयलरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान बऱ्याचदा ७५-८० अंशांवर ठेवलेलं असतं. आजचे कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही वापरतात. मात्र त्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. म्हणून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान खाली आणावं. पण सिलिंडर असेल तर फार खाली नको, कारण लेजिओनेला जिवाणू वाढू नये यासाठी साठवलेलं पाणी ६० अंशांपर्यंत तापायला हवं. घर उशिरा तापतं म्हणून काही जण थर्मोस्टॅट २५ वर नेतात. त्याने घर लवकर तापत नाही, फक्त बॉयलर उशिरा थांबतो. आयर्लंडची ऊर्जा संस्था एसईएआय बैठकीच्या खोलीसाठी २० अंश आणि बेडरूमसाठी १५ ते १८ अंश सुचवते. तिच्या हिशेबाने एक अंश कमी केला की तापवण्याचा खर्च सुमारे १० टक्के उतरतो.

त्यानंतर रेडिएटरवरचे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. त्यावर १ ते ५ आकडे असतात. आतलं मेण किंवा द्रव उष्णतेने प्रसरण पावतं आणि पाण्याची वाट बंद करतं. ज्या खोलीत भिंतीवर थर्मोस्टॅट आहे, तिथल्या रेडिएटरवर मात्र हा व्हॉल्व्ह नको. नाहीतर व्हॉल्व्ह आधीच बंद होतो, खोली ठरलेल्या तापमानाला पोचत नाही आणि थर्मोस्टॅट उष्णता मागतच राहतो.

खरी गंमत इथून पुढे आहे. समजा सगळे व्हॉल्व्ह बंद झाले. खोल्या उबदार झाल्या, पण ही बातमी बॉयलरला कोण देणार? घड्याळ चालू आहे तोवर तो पुन्हा पुन्हा पेटतो आणि नळ्यांतलंच पाणी तापवत बसतो. आपल्याकडे टाकी भरल्यावर पंप आपोआप बंद करणारा फ्लोट बसवतात, तसलंच काहीतरी इथे हवं. त्यालाच इंटरलॉक म्हणतात. खालचा मजला, वरचा मजला आणि सिलिंडर असे भाग, म्हणजे झोन, पाडायचे, प्रत्येकाला स्वतःचं वेळापत्रक, थर्मोस्टॅट आणि विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह द्यायचा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की त्यातलं छोटं बटण दाबलं जातं आणि बॉयलरला चालू होण्याचा इशारा मिळतो. एकही व्हॉल्व्ह उघडा नसेल तर बॉयलर गप्प. उन्हाळ्यात फक्त सिलिंडर गॅसवर तापवता येतो आणि इमर्शनची गरज उरत नाही.

आता हिशेब. आयर्लंडमध्ये घरगुती वापराचा ठरीव अंदाज वर्षाला ११,००० युनिट गॅस धरतात. युनिट १२ सेंट धरलं तर १,३२० युरो झाले. चांगल्या नियंत्रणांनी २० टक्क्यांपर्यंत बचत होते असं एसईएआय म्हणते. आपण १५ धरू, म्हणजे सुमारे २०० युरो. काम १,५०० युरोंचं आणि त्यावर ७०० युरोंचं सरकारी अनुदान असेल, तर उरलेले ८०० चार वर्षांत वसूल होतात. दिवसभर घरात कोणी नसेल तर बहुधा आधीच. पण आजी-आजोबा हिवाळाभर राहायला आले असतील आणि सगळ्या खोल्या सतत वापरात असतील, तर बचत कमी होणार.

स्मार्ट थर्मोस्टॅट घ्यायचाच असेल तर तो तुमच्या बॉयलरशी ओपनथर्म पद्धतीने बोलतो का, ते विचारा. बोलत असेल तर गरजेप्रमाणे ज्योत लहान-मोठी होते. नसेल तर तो फक्त चालू-बंद करणारा महागडा स्विच आहे. मोबाइलवर अवलंबून राहण्यात आणखी एक गोम आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगलने नेस्टच्या सुरुवातीच्या थर्मोस्टॅटांना ॲपमधून वगळलं. ते भिंतीवर चालू राहिले, पण हातानेच फिरवायचे.

पुढचाही विचार हवा. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नातं असलेले लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान असताना, २०१९ च्या हवामान आराखड्यात नव्या घरांमधून गॅस बॉयलर हद्दपार करण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. कार्बन करही २०३० पर्यंत टनामागे १०० युरोंवर न्यायचं ठरलेलं आहे. पुढेमागे गॅसऐवजी विजेवरचा हीट पंप येणारच असेल, तर हे झोन तेव्हाही बऱ्याच अंशी कामी येऊ शकतात. गॅस बॉयलरवरच्या महागड्या खेळण्यांचं तसं नाही.

अनुदान २०११ पूर्वी बांधलेल्या घरांना मिळतं आणि त्याचा अर्ज मालकालाच करावा लागतो. भाडेकरूने घरमालकाच्या गळी उतरवावं. मंजुरी हातात येण्याआधी काम सुरू केलं तर पैसे मिळत नाहीत. काम झाल्यावर घराचं ऊर्जा मूल्यांकन करून द्यावं लागतं. आणि बॉयलरच्या गॅसच्या भागाला हात लावायचा, तर तो नोंदणीकृत गॅस कारागिरानेच. २००९ पासून तसा कायदा आहे. त्याचं ओळखपत्र दारातच पाहून घ्या.