सोलापूरचे डॉक्टर चिनी भाषा शिकतात

मंडळी, साक्षरतेच्या वर्गात आम्ही एक गोष्ट नेहमी पाहत आलो. पहिले पंधरा दिवस वर्ग भरलेला असतो. मग जोडाक्षरं येतात आणि मागची सतरंजी रिकामी पडू लागते. घरी जाऊन विचारावं, तर म्हणतात, "गुरुजी, आता ह्या वयात डोक्यात शिरत नाही." खरं कारण निराळंच असतं. घरात ज्याचा शब्द चालतो, चार माणसांत ज्याला मान आहे, त्याला वर्गात लेकरासारखं अडखळावं लागतं. त्याची लाज वाटते.

ही लाज मोठ्या शिकलेल्या माणसांनाही चुकत नाही. परक्या मुलखात गेलं की शिकलेला माणूसही पुन्हा निरक्षर होतो.

द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे. जन्म १९१० सालचा. मुंबईला शिकून ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर मोठी स्वारी केली. जखमी शिपायांना पाहायला तिथं डॉक्टर पुरेनात. तेव्हा काँग्रेसने आपल्याकडून पाच डॉक्टर पाठवले. १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून बोट सुटली, तीत कोटणीस होते. हातात विद्या होती. पण रोग्याला "कुठं दुखतं?" एवढं विचारायचं, तर चिनी बोली आली पाहिजे ना!

आता ही चिनी भाषा कशी असते ते बघा. आपण "हं" म्हणतो. हेल बदलला की कधी तो प्रश्न होतो, कधी होकार होतो. चिनी भाषेत हेल बदलला की शब्दच बदलतो. 'मा' हा एकच आवाज घ्या. एका हेलात त्याचा अर्थ आई. दुसऱ्या हेलात तागासारखं वाखाचं झाड. तिसऱ्यात घोडा, आणि चौथ्यात शिव्या देणं! नवा माणूस आईला घोडा म्हणून बसतो आणि ऐकणारे हसतात.

लिहिण्याची तऱ्हा आणखी वेगळी. आपली मुळाक्षरं, बाराखडी आणि जोडाक्षरं आली, की कोणताही शब्द जुळवून वाचता येतो. चिनीत बाराखडी नाही. तिथं शब्दाच्या एकेका अर्थपूर्ण तुकड्याचं निराळं अक्षर असतं. मोठ्या कोशात अशी ४० हजारांवर अक्षरं आहेत. एवढी कोणालाच येत नाहीत म्हणा. वर्तमानपत्र वाचायला दोन-तीन हजार पुरतात. पुढं १९५६ साली चीन सरकारने ठरवलं, की शेतकऱ्याला १,५०० अक्षरं आली म्हणजे तो साक्षर. आपल्यासारख्याच कष्टकरी माणसांनी दिवसभर राबून ती गिरवली.

निराशा येते ती इथंच. काल दहा अक्षरं गिरवली, आज त्यांतली सहा आठवत नाहीत. दोन-तीन महिने असंच चालतं. पाटीवर लिहावं आणि पावसानं पुसावं, असं वाटतं. पण तीन-चारशे अक्षरं झाली की एक गंमत ध्यानात येते. नव्या अक्षरात जुनेच तुकडे असतात. एक झाड काढलं तर ते 'झाड'. दोन झाडं शेजारी काढली तर 'वन'. तीन काढली तर 'दाट रान'. माणूस झाडाला टेकला की 'विश्रांती'. वर शेत आणि खाली बळ, म्हणजे 'पुरुष'. (आमच्याकडे निंदणी-खुरपणी बायाच करतात. हे अक्षर करणाऱ्याला ते दिसलं नसावं!) सगळीच अक्षरं अशी चित्रासारखी नसतात. पुष्कळांत एक तुकडा अर्थ सांगतो आणि दुसरा आवाज. 'आई'च्या अक्षरात बाईशेजारी घोडा असतो. तो घोडा फक्त 'मा' हा आवाज दाखवायला. पण तुकडे ओळखू लागले की पुढची वाट सोपी होते.

आणि ह्या भाषेत एक सुखही आहे. 'मी जातो', 'ती जाते', 'ते जातात' अशी रूपं तिथं नाहीत. सगळ्यांना 'जाणे' एकच. तो दगड, ती वीट, ते घर, ही भानगडही नाही. आपली मराठी परक्या माणसाला काय छळत असेल!

आजही आपल्याकडची मुलं डॉक्टरी शिकायला चीनला जातात. पुष्कळ ठिकाणी त्यांना इंग्रजीतून शिकवतात. पण खाटेवरचा रोगी चिनीच बोलतो. अशा वेळी संध्याकाळी आपल्याच मुलांत बसावं, आपलंच बोलावं, असं वाटतं. त्यानं जीव रमतो, भाषा मात्र येत नाही.

कोटणीसांना चीनमध्ये जाऊन थोडेच महिने झाले होते. तेवढ्यात घरून वडील वारल्याची बातमी आली. परत फिरले असते तर कोणी बोल लावला नसता. ते राहिले. बरोबरचे चौघे पुढं एकेक करून मायदेशी परतले. हे डोंगराळ मुलखात रोगी तपासत राहिले आणि त्या लोकांतच भाषा शिकले. तिथं त्यांचं नाव के दिह्वा झालं. १९४१ साली ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि चिनी मुलांना चिनी भाषेत डॉक्टरी शिकवू लागले. तिथल्याच कुओ छिंगलान ह्या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टात मुलगा झाला. त्याचं नाव यिनह्वा. 'यिन' म्हणजे भारत आणि 'ह्वा' म्हणजे चीन.

त्याच वर्षी ९ डिसेंबरला फेफऱ्याच्या झटक्यांनी कोटणीस वारले. वय ३२. त्या दिवसांत ते विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहीत होते, तेही चिनी भाषेत. ते अपुरं राहिलं.