कंपवाताच्या नोंदी आणि सोलापूर

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्सचा आजार, मध्यमेंदूतील काही विशिष्ट पेशी हळूहळू नष्ट होत गेल्याने होतो. या पेशी तयार करीत असलेले डोपामिन नावाचे रसायन कमी पडू लागले की शरीराच्या हालचालींचा वेग, आवाका आणि सहजता ओसरू लागते. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केवळ सहा व्यक्तींच्या निरीक्षणावरून, आणि त्यांतील काही तर रस्त्यात दिसलेल्या, या आजाराचे पहिले सुसंगत वर्णन केले. हाताचा कंप, स्नायूंचा ताठरपणा, मंदावलेली हालचाल आणि पुढे ढासळणारा तोल ही त्याची परिचित लक्षणे होत. वास न येणे, जुनाट बद्धकोष्ठता आणि झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणे ही लक्षणे मात्र कंपाच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात, आणि प्रत्यक्ष कंप सुरू होतो तोवर त्या भागातील निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात.

रोजच्या तपासणीत वापरता येईल अशी साधी रक्तचाचणी या आजारासाठी अद्याप प्रचारात नाही. निदान मुख्यतः डॉक्टरांच्या डोळ्यांवर, हातांवर आणि रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून असते, आणि आजाराची वाटचालही प्रत्येकात वेगळी असते. एखादी व्यक्ती पंधरा वर्षांनंतरही स्वतःची कामे स्वतः करते, तर दुसऱ्या व्यक्तीला पाच वर्षांतच आधार लागतो. हा फरक का पडतो, हे कळण्यासाठी शेकडो रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र वाचाव्या लागतात, आणि त्या वाचण्यासाठी विद्यापीठांतून अलीकडे एक स्वतंत्र पद निर्माण होऊ लागले आहे, ते म्हणजे चिकित्सेतील डेटा सायन्सच्या संशोधकाचे. संख्याशास्त्र, संगणक आणि वैद्यक या तिन्हींच्या सीमेवरचे हे काम आहे. दवाखान्यात जमा होणाऱ्या तपासण्या, औषधांच्या मात्रा, मेंदूच्या प्रतिमा, जनुकांची माहिती आणि मनगटावरच्या संवेदकांची मोजणी तपासून, जुळवून, त्यांतून विश्वासार्ह निष्कर्ष काढणे असे त्याचे स्वरूप सांगता येईल.

या कामाचे एक ठळक उदाहरण लक्झेंबर्गमध्ये आहे. तेथे २०१५ पासून पार्किन्सन्सच्या संशोधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू असून, त्यात रुग्ण आणि निरोगी व्यक्ती असे दोन मोठे गट ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा तपासले जातात. या देशाची लोकसंख्या सात लाखांहून कमी आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या सोलापूर शहराची ९ लाख ५१ हजारांवर होती. म्हणजे असा अभ्यास उभा राहण्यासाठी फार मोठा प्रदेश लागत नाही; तेच रुग्ण, तीच पद्धत आणि न तुटणारी नोंद या गोष्टी मात्र लागतातच.

या नोंदीचा मुख्य आधार म्हणजे हालचालींच्या विकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००८ साली सुधारून प्रसिद्ध केलेली मापनश्रेणी. तिचे चार भाग असून, त्यांतील प्रत्येक बाबीला शून्य ते चार असे गुण दिले जातात. शून्य म्हणजे काहीच अडचण नाही आणि चार म्हणजे अत्यंत अडचण. अंगठ्यावर तर्जनी दहा वेळा झपाझप आपटायला सांगणे, हाताची मूठ उघड-मिट करायला लावणे, खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगणे, अशा साध्या कृतींतून डॉक्टर हालचालींचा भाग तपासतात. त्या भागाचे गुण जास्तीत जास्त १३२ होतात. ऐकायला ही पद्धत सोपी वाटते, पण यातला प्रत्येक आकडा ज्या परिस्थितीत नोंदला गेला ती परिस्थिती त्याच्याबरोबर लिहिली नसेल, तर तो दिशाभूल करतो.

सांगोल्याहून पहिल्या एसटीने निघालेल्या रुग्णाचे उदाहरण घेता येईल. पहाटे पाचला लेव्होडोपाची गोळी घेऊन तो घर सोडतो, ओपीडीत केसपेपर काढून रांगेत बसतो आणि अकराच्या सुमारास त्याचा नंबर लागतो. लेव्होडोपा हे या आजाराचे प्रमुख औषध असून मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिनमध्ये रूपांतर होते. परंतु आजार जुना झाला की एका गोळीचा प्रभाव तीन-चार तासच टिकतो. औषधाचा प्रभाव असतानाच्या स्थितीला डॉक्टर आणि रुग्णही ‘ऑन’ म्हणतात आणि तो उतरल्यावरच्या स्थितीला ‘ऑफ’. अकरा वाजता तपासलेला हा रुग्ण ‘ऑफ’ असेल, आणि सहा महिन्यांपूर्वी मुलाच्या मोटारसायकलवरून लवकर येऊन तो ‘ऑन’ असताना तपासला गेला असेल, तर कागदावर त्याचा आजार झपाट्याने बळावल्याचे दिसेल, वास्तविक मात्र फरक एसटीच्या वेळेचा असेल. शेवटची गोळी किती वाजता घेतली, एवढा एक रकाना केसपेपरवर नेमाने भरला गेला, तर पुढे कोणतेही महागडे सॉफ्टवेअर देऊ शकणार नाही अशी मदत तो संशोधकाला करतो.

औषधांच्या हिशेबातही असाच एक स्थानिक प्रश्न दडलेला आहे. निरनिराळ्या गोळ्यांची ताकद एका मापात आणण्यासाठी संशोधक सर्व औषधे लेव्होडोपाच्या समतुल्य मात्रेत मोजतात. आपल्याकडे मात्र अनेक रुग्ण डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर कवचबीजाचे, म्हणजे खाजकुहिलीच्या बियांचे, चूर्णही घेतात, आणि या बियांमध्ये लेव्होडोपा निसर्गतःच असतो, हे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ सालीच दाखवून दिले होते. चूर्णाची गोष्ट रुग्ण डॉक्टरांना संकोचाने सांगत नाहीत, आणि परदेशात तयार झालेल्या अर्जात तर तो प्रश्नच नसतो. त्यामुळे कमी गोळ्यांवर बरा राहिलेला रुग्ण पाहून आजार सौम्य असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

याहून अवघड बाब म्हणजे न आलेल्या रुग्णांची. दोन वर्षांच्या अभ्यासात शंभरांपैकी साठच रुग्ण शेवटपर्यंत तपासणीला येत राहिले असे समजले, तर उरलेले चाळीस कोण, हा प्रश्न निर्णायक ठरतो. ज्यांची चाल बिघडली, ज्यांना घेऊन येणारे कोणी उरले नाही, ज्यांचे निधन झाले, तेच गळालेले असण्याची शक्यता अधिक असते, आणि मग राहिलेल्यांची सरासरी काढली की आजार जणू स्थिरावल्यासारखा भासतो. यावर संख्याशास्त्रात उपाय आहेत. प्रत्येक रुग्णाची स्वतःची वाटचाल वेगळी धरणारी प्रतिमाने वापरता येतात, गळतीची कारणे हिशेबात घेता येतात. पण त्यासाठी रुग्ण का आला नाही, हे कोणीतरी फोन करून विचारलेले आणि लिहून ठेवलेले असावे लागते. सोलापूर, धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी अशा विस्तृत परिसरातून रुग्ण सोलापूरच्या दवाखान्यांत येतात, हे लक्षात घेता अशा अभ्यासात परिचारिका किंवा समाजसेवकाची नेमणूक संशोधकाच्या नेमणुकीइतकीच महत्त्वाची मानावी लागेल.

सोलापूर जिल्ह्यात कंपवाताचे रुग्ण किती असावेत, या प्रश्नाच्या उत्तरातून नोंदींचे महत्त्व आणखी स्पष्ट होते. मुंबईतील पारशी वसाहतींमध्ये राहणाऱ्या १४,०१० व्यक्तींची आधी प्रश्नावलीने आणि नंतर मेंदूविकारतज्ज्ञांकडून पाहणी करून भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार तेथे लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण होते. पुढे बंगळूरच्या शहरी आणि ग्रामीण परिसरात लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीत हे प्रमाण लाखामागे सुमारे ३३ आढळले. जिल्ह्याची २०११ ची ४३ लाखांवर लोकसंख्या धरून ढोबळ हिशेब केला, तर एका प्रमाणाने चौदा हजारांवर आणि दुसऱ्याने जेमतेम चौदाशे रुग्ण येतात. या दहापट तफावतीचा मोठा भाग वयाचा आहे, कारण पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण फार मोठे आहे आणि हा आजार प्रामुख्याने साठीनंतरचा आहे. म्हणूनच दोन समाजांची तुलना करण्यापूर्वी दोन्हींची वयोरचना सारखी असती तर काय दिसले असते, याचे गणित करावे लागते. उरलेल्या फरकात आनुवंशिकता किती, परिसर किती आणि निदानच न झालेले किती, हे मोजल्यावाचून कळणार नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे मंदावणे ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते, तेव्हा तो माणूस उपचाराला मुकतो आणि मोजणीलाही.

सोलापूरचे लोकजीवन या मोजमापापुढे काही नवे प्रश्न ठेवते. शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शिवाय मराठी आणि उर्दू अशा भाषा घराघरांत बोलल्या जातात, तेव्हा स्मरणशक्तीची चाचणी रुग्णाच्या कोणत्या भाषेत घेतली, हे नोंदणे अपरिहार्य ठरते. मापनश्रेणीत हस्ताक्षराचा प्रश्न आहे, कारण या आजारात अक्षर बारीक होत जाते. पण ज्या विडी कामगार स्त्रीने आयुष्यात फारसे लिहिलेच नाही, तिच्या बोटांची मंदी या प्रश्नातून दिसत नाही. तिची मजुरी मात्र हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते, त्यामुळे रोज किती विड्या वळल्या याची नोंद तिच्या हाताच्या वेगाचीही नोंद असते. अर्थात विड्या कमी झाल्या म्हणजे कंपवात झाला, असे कोणी म्हणू नये, कारण कारखान्यातून पानतंबाखूच कमी मिळालेली असू शकते, नजर मंदावलेली असू शकते किंवा सांधे आखडलेले असू शकतात. या कारणांना एकमेकांपासून सोडवणे हेच या संशोधकाचे खरे कौशल्य आहे. वासाच्या चाचणीचेही असेच आहे. अमेरिकेत प्रचलित असलेल्या चाळीस गंधांच्या चाचणीत रूट बिअर आणि जिंजरब्रेड यांचे वास आहेत. ते न ओळखल्याने सोलापूरच्या वृद्धाच्या नाकाविषयी काहीच सिद्ध होत नाही, त्याच्यासाठी हिंग, लसूण, मोगरा असे गंध हवेत.

शेतीचा प्रश्न याहून गंभीर आहे. अमेरिकेतील शेतकरी कुटुंबांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनॉन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांत कंपवाताची शक्यता सुमारे अडीच पट आढळली होती. डाळिंब आणि द्राक्षांच्या बागांवर वर्षातून अनेकदा फवारणी होणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात कोणती रसायने, किती वर्षे, तोंडावर फडके बांधून की तसेच, हे प्रत्येक केसपेपरवर विचारले जायला हवे. आजार झालेली व्यक्ती कारण शोधत जुन्या फवारण्या अधिक बारकाईने आठवते आणि निरोगी व्यक्ती विसरून जाते, त्यामुळे केवळ आठवणीवर न विसंबता कृषिसेवा केंद्रांच्या पावत्यांसारखा लेखी पुरावा जोडावा लागतो.

जनुकांपासून फवारणीपर्यंतची अशी खाजगी माहिती गोळा करताना संमती ही केवळ औपचारिकता राहत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीपत्र सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत असावे लागते आणि निरक्षर व्यक्तीच्या बाबतीत तटस्थ साक्षीदार लागतो. विश्लेषण करणाऱ्याच्या हाती नावाऐवजी सांकेतिक क्रमांक येतो, नाव आणि क्रमांक जोडणारी यादी स्वतंत्र कुलुपात राहते, आणि रुग्णाने माघार घेतली तर त्याच यादीच्या आधारे त्याच्या नोंदी शोधून काढता येतात.

आता संगणकाच्या बाजूचा विचार. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील असंख्य प्रकल्प आवाजावरून कंपवात ओळखण्याचा दावा करतात, आणि त्यांतील अनेकांचा आधार ऑक्सफर्डच्या मॅक्स लिट्ल यांनी उपलब्ध करून दिलेला एक लहान संच असतो. त्यात ३१ व्यक्तींची १९५ ध्वनिमुद्रणे आहेत. त्यांपैकी २३ जणांना हा आजार असून मुद्रणांपैकी १४७ त्यांची आहेत. काहीही न शिकता सगळ्यांनाच आजारी म्हटले, तरी उत्तर ७५ टक्के बरोबर येते. शिवाय एकाच व्यक्तीची काही मुद्रणे शिकण्यासाठी आणि काही परीक्षेसाठी वापरली गेली, तर यंत्र आजाराऐवजी त्या माणसाचा आवाजच ओळखायला शिकते आणि अचूकता ९५ टक्क्यांवर गेल्याचे समाधान मिळते. एका व्यक्तीची सर्व मुद्रणे एकाच बाजूला ठेवली की हा आकडा उतरतो. नव्या गावातील, नव्या भाषेतील रुग्णांवर पद्धत तपासली की तो आणखी उतरू शकतो. विद्यापीठातील पदासाठी उमेदवाराची पारख करताना त्याला किती नवी तंत्रे येतात यापेक्षा त्याला ही गफलत ओळखता येते का, हे पाहिले जावे.

सोलापुरात या कामाचे घटक वेगवेगळ्या आवारांत उपस्थित आहेत. १९६३ साली स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले, लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’ असलेले सर्वोपचार रुग्णालय, २००४ पासूनचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, वालचंदसारखी अभियांत्रिकीची संस्था आणि डाळिंबावरील राष्ट्रीय संशोधन केंद्र ही सर्व एकाच शहराच्या परिसरात आहेत. येथील संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिला सराव करण्यासाठी मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने २०१० साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचा डेटा अर्ज करून मिळवता येतो. त्यातील बहुसंख्य सहभागी युरोपीय वंशाचे आहेत. त्यामुळे त्या डेटावर शिकलेली पद्धत सिव्हिलच्या ओपीडीत चालते का, हे पाहण्यासाठी तेथील शंभर-दोनशे रुग्णांच्या गोळीची वेळ, भाषा, काम आणि फवारणी यांच्या रकान्यांसह केलेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी आधी तयार असाव्या लागतील.