मोफत शस्त्रक्रिया आणि दवाखान्यापर्यंतची वाट

भारतात पन्नाशी ओलांडलेल्या ज्या माणसांना अंधत्व आलेले आहे, त्यांच्यापैकी ६६ टक्क्यांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू आहे, असे २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत आढळले. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयोमानाने गढूळ होणे. ते गढूळ भिंग काढून त्याजागी कृत्रिम भिंग बसवले की दृष्टी परत येते, आणि ही शस्त्रक्रिया १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत विनामूल्य होते. तरीही माणसे वर्षानुवर्षे भिंत चाचपत वावरतात. उपचार फुकट असला तरी उपचारापर्यंतची वाट फुकट नाही, हे त्यामागचे मोठे कारण आहे.

महाराष्ट्रात ही वाट बहुधा आशाताईपासून किंवा गावातल्या तपासणी शिबिरापासून सुरू होते. पूर्वी शाळेच्या वर्गखोल्यांतही शस्त्रक्रियांची शिबिरे भरत. जंतुसंसर्गाने डोळे गमावण्याच्या घटना घडल्यानंतर ती पद्धत मोडीत निघाली, आणि आता शिबिरात केवळ तपासणी होऊन शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या निर्जंतुक शस्त्रक्रियागृहातच व्हावी, असा दंडक आहे. ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकारी सहा मीटर अंतरावरच्या तक्त्यावरील अक्षरे वाचायला लावून दृष्टी मोजतो आणि गरज वाटल्यास रुग्णाला उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार यांचे शुल्क घेतले जात नाही.

अडचण येते ती येथून पुढे. शस्त्रक्रियेआधी रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासली जाते, अश्रुमार्ग मोकळा आहे का ते पाहिले जाते, बसवायच्या भिंगाचा नंबर काढला जातो. साखर वाढलेली निघाली तर ती आटोक्यात आणून पुन्हा या, असे सांगितले जाते, आणि ते योग्यच असते, कारण वाढलेल्या साखरेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पण शेतमजुरी करणाऱ्या घरात या एका वाक्याचा अर्थ रुग्णासोबत आलेल्या मुलाचा किंवा सुनेचा आणखी एक रोज बुडणे असा होतो. एसटीच्या साध्या गाडीतून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे आणि महिलांना निम्मे भाडे आहे. सोबत येणाऱ्या मुलाला मात्र पूर्ण तिकीट काढावे लागते. म्हणून साखर आणि रक्तदाब गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच तपासून घेणे, चालू गोळ्यांची चिठ्ठी व आधार कार्ड बरोबर नेणे, आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रिया कोणत्या वारी होतात हे अगोदर विचारून ठेवणे, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी एखादी फेरी हमखास वाचते.

मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढता येत नाही, ही समजूत जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली आहे. आज पिकण्याची वाट पाहणे उलट अपायकारक ठरते. भिंग कठीण होऊन काढायला अवघड जाते आणि क्वचित डोळ्यातील दाबही वाढतो. फुकटचे भिंग हलके असणार, ही दुसरी समजूत तितकीच चुकीची आहे. मदुराईत १९७६ साली डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी अवघ्या ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब ही संस्था काढून कृत्रिम भिंगे देशातच बनवायला घेतली, तेव्हा परदेशी भिंगाच्या तुलनेत किंमत अगदी थोड्या अंशावर आली आणि गरिबाच्या डोळ्यातही भिंग बसवणे परवडू लागले. विनामूल्य शस्त्रक्रियेत अनेकदा लहान छेदाची, टाका न घालता आपोआप मिटणारी पद्धत वापरतात. खासगी दवाखान्यांत रूढ असलेल्या फेको पद्धतीत छेद आणखी लहान असतो आणि डोळा थोडा लवकर स्थिरावतो, परंतु अखेर मिळणारी दृष्टी दोन्हींत जवळजवळ सारखीच असते.

सरकारी रुग्णालयाखेरीज धर्मादाय रुग्णालयांचाही मार्ग आहे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, आणि उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवून तो मागताना कोणालाही संकोच वाटू नये.

सगळ्यांत स्वस्त उपाय मात्र सगळ्यांत दुर्लक्षित आहे. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होऊन जवळचे दिसेनासे होते. तांदळातला खडा सुटतो, सुईत दोरा जात नाही, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचता येत नाही. हा आजार नाही, आणि साध्या चष्म्याने ही अडचण दूर होते. आसाममधील चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर झालेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असे दाखवतो की, जवळचा चष्मा मिळालेल्या मजुरांच्या पानतोडणीतील वाढ चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्के अधिक होती. ज्या घराची चूल हाताच्या कामावर पेटते, त्या घरात चष्मा ही चैन समजली जावी, ही खरोखर दुःखाची गोष्ट आहे. चष्म्यासाठी गेल्यावर डोळ्यातील दाब मोजून घ्यावा, कारण काचबिंदू, म्हणजे वाढलेल्या दाबासह इतर कारणांनी दृष्टीची नस हळूहळू निकामी होणे, बहुधा न दुखता वाढतो. मधुमेह्यांनी वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे. या दोन्ही रोगांत गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते.

ज्यांना शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, त्यांना पुष्कळदा ‘आता काही होणार नाही’ एवढेच सांगून घरी पाठवले जाते. येथे अल्पदृष्टी या शब्दाचा अर्थ समजून घ्यायला हवा. निरोगी डोळा साठ मीटरवरून जे अक्षर ओळखतो, ते ज्याला तीन मीटरवर आल्याशिवाय ओळखता येत नाही त्याची दृष्टी ३/६० मानतात, आणि चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी याहून कमी असेल तर ते अंधत्व होय. त्याच्या वरची, पण ६/१८ पेक्षा कमी दृष्टी ती अल्पदृष्टी. अशा माणसाला भिंग, दुर्बिणीचा चष्मा, ठळक अक्षरांची वही किंवा योग्य कोनातला दिवा यांच्या साहाय्याने पुन्हा वाचता येऊ शकते. पांढरी काठी आणि इतर साधने केंद्र सरकारच्या १९८१ पासूनच्या साहाय्य योजनेतून मिळतात. रिझर्व्ह बँकेचे २०२० साली आलेले ‘मनी’ हे मोफत ॲप नोट कितीची आहे ते बोलून सांगते. आणि १९५२ पासून मुंबईत काम करणारी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था ब्रेल व प्रशिक्षण यांची सोय करते.

साधनांच्या या योजनेसाठी आणि अन्य बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो, पण तपासणीसाठी नेमून दिलेल्या रुग्णालयात स्वतः जावे लागते. अनेक ठिकाणी ही तपासणी आठवड्यातील ठरलेल्या वारीच होते, आणि तो वार फोनवर विचारून घेतला तर अंध माणसाला व त्याचा हात धरून आलेल्या माणसाला बंद दारावरून परत फिरावे लागत नाही.