चाकांची निवड : घर्षणाचा हिशेब

पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २००८ साली 'एबीयू रोबोकॉन' ही विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय यंत्रमानव स्पर्धा झाली. त्या वर्षीचा खेळ आपल्या दहीहंडीवर बेतलेला होता आणि त्याचे नावच 'गोविंदा' होते. अशा खेळात बघणाऱ्याची नजर वर जाते, हंडीकडे. माझी मात्र खालीच अडकून राहिली. यंत्रांचे हात कितीही चलाख असोत, हंडीखाली वेळेवर आणि नेमक्या जागी पोहोचायचे काम चाकांचेच असते. चाके, त्यांना फिरवणाऱ्या मोटरी, मधले गिअर आणि साखळ्या-पट्टे या सगळ्याला मिळून ड्राइव्हट्रेन म्हणतात. अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या माणसाने या विषयात शिरावे ते याच कुतूहलापोटी. पुढची काही वर्षे मी जमेल तसे वाचत आणि मुलांच्या कार्यशाळांतून बसत राहिलो.

हा प्रश्न सर्वांत तपशिलात चर्चिला गेला तो अमेरिकेत. डीन केमन हे संशोधक-उद्योजक आणि एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांच्या पुढाकाराने 'फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन' ही शालेय संघांची स्पर्धा १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर शहरात सुरू झाली. पहिल्या वर्षी २८ संघ होते. आता जगभरातून संघ येतात. मुंबईतील शालेय मुलेही त्यात उतरली आहेत. दर जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो. तीन-तीन संघांच्या दोन आघाड्या गालिचा अंथरलेल्या मैदानावर सुमारे अडीच मिनिटे झुंजतात. यंत्र बांधायला हाताशी असतात थोडे आठवडे. त्यातला पहिला निर्णय चाकांचा, आणि तो चुकला की पुढचे सगळे आठवडे ती चूक सावरण्यात जातात.

निर्णय अवघड का, हे समजायला घर्षणापासून सुरुवात करावी लागते. यंत्र पुढे जाते ते चाक जमिनीला मागे रेटते म्हणून, आणि हे रेटणे घर्षणाच्या जोरावर चालते. चाक जास्तीत जास्त किती रेटू शकेल याला मर्यादा आहे : त्याच्यावरचे वजन गुणिले घर्षणगुणांक. ५० किलोचे यंत्र आणि गुणांक साधारण १ धरला, तर सगळ्या चाकांची मिळून ही मर्यादा ४९० न्यूटन येते. मोटर कितीही दांडगी बसवा, त्यापलीकडे चाक नुसते घसरेल. ही झाली यंत्राची शिल्लक. ती पुढे जाण्यात, वळण्यात की आडवे सरकण्यात खर्च करायची, एवढेच आपल्या हाती असते.

सर्वांत साधी रचना म्हणजे दोन्ही बाजूंना सरळ बसवलेली चाके. डावी बाजू एका वेगाने, उजवी दुसऱ्या वेगाने फिरवली की यंत्र वळते. रणगाडा असाच वळतो. जळगावचा रामाचा रथ ज्यांनी कार्तिकी एकादशीला पाहिला आहे, त्यांना हे तत्त्व नवे नाही. चाकाखाली मोगरी लावून एक बाजू रोखली की दुसरी पुढे सरकते आणि रथाचे तोंड फिरते. मोगरीवाल्यांचे कसब तिथेच लागते, कारण सरळ बसवलेली चाके वळताना नुसती फिरत नाहीत, ती जमिनीवर आडवी घासली जातात.

हे घासणे किती, ते यंत्राच्या आकारावर ठरते. वजन चारही चाकांवर सारखे आहे आणि चाकाची पकड सर्व दिशांना सारखीच आहे असे धरले, तर ढोबळ नियम असा : डाव्या-उजव्या चाकांतले अंतर हे पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतरापेक्षा जास्त हवे. रुंदी ५० सेंटिमीटर आणि लांबी ७० सेंटिमीटर असलेले चार चाकांचे यंत्र वळताना अडखळते, धक्के खाते, बॅटरी पिते. यावर एक सुंदर तोडगा आहे. प्रत्येक बाजूला तीन चाके लावायची आणि मधले चाक सुमारे ३ मिलिमीटर खाली बसवायचे. मग एका वेळी मधली दोन आणि पुढची किंवा मागची दोन एवढीच चाके जमिनीला टेकतात. परिणामी लांबी ७० ऐवजी ३५ उरते आणि यंत्र सहज वळते. किंमत म्हणून ते किंचित पुढे-मागे डुलते. ते चालते.

दुसरी रचना मेकॅनम चाकांची. १९७०च्या दशकाच्या आरंभी बेंग्ट इलॉन या स्वीडिश अभियंत्याने ती साकारली. या चाकाच्या कडेवर ४५ अंशांत तिरपे, मोकळे फिरणारे रोलर असतात. त्यामुळे प्रत्येक चाक जमिनीला तिरपे रेटते. चारही चाके पुढे फिरली की तिरप्या बलांचे आडवे भाग एकमेकांना रद्द करतात आणि यंत्र सरळ जाते. कर्णातली दोन चाके पुढे आणि उरलेली दोन मागे फिरवली की पुढचे-मागचे भाग रद्द होतात आणि यंत्र तोंड न वळवता बाजूला सरकते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही जादूच वाटते. पण हिशेब चुकता होत नाही. बल तिरपे असल्यामुळे पुढे रेटण्याची मर्यादा सुमारे ७१ टक्क्यांवर येते. आपल्या ४९० न्यूटनचे जेमतेम ३५० उरतात. शिवाय चारही चाके जमिनीला सारखी टेकली पाहिजेत. एक उचलले गेले तर रद्द व्हायचे ते बल रद्द होत नाही आणि यंत्र वाकडे जाते.

तिसरी रचना स्वर्व्ह. इथे प्रत्येक चाकाला एक मोटर फिरवते आणि दुसरी त्याचे तोंड हव्या त्या दिशेला वळवते. रबरी चाकाची पूर्ण पकड सर्व दिशांना मिळते. अमेरिकेतल्या स्पर्धेत अलीकडे हिचाच बोलबाला आहे. पण चार चाकांना आठ मोटरी, प्रत्येक चाकाची दिशा मोजणारा संवेदक, आणि हे सगळे एका तालात चालवणारा संगणकी कार्यक्रम लागतो. इथे घर्षण वाचते. खर्च होतात पैसे आणि दिवस.

रचना कोणतीही असो, गिअरचे प्रमाण ठरवायचे राहतेच. या स्पर्धेत वर्षानुवर्षे वापरली गेलेली सिम मोटर घेऊ. १२ व्होल्टवर मोकळी फिरताना ती मिनिटाला सुमारे ५,३०० फेरे घेते. पूर्ण अडवली तर २.४ न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि १३० अँपिअर प्रवाह ओढते. सरळ चाकांच्या आपल्या यंत्राला अशा चार मोटरी आणि १० सेंटिमीटर व्यासाची चाके लावू. गिअर १० ला १ ठेवला, तर चाके घसरेपर्यंत प्रत्येक मोटर सुमारे ३५ अँपिअर घेते. तिच्या मार्गातला ब्रेकर असतो ४० अँपिअरचा. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला रेटताना चाक आधी घसरते, ब्रेकर शाबूत राहतो. कागदावरचा कमाल वेग सेकंदाला २.८ मीटर. वेगाच्या मोहाने गिअर ६ ला १ केला, तर वेग होतो ४.६ मीटर, पण घसरण्याच्या क्षणी प्रत्येक मोटर ५७ अँपिअर मागते. चौघींचे मिळून सव्वादोनशेच्या वर. बॅटरीचा दाब कोसळतो, ब्रेकर तापतात आणि ऐन झटापटीत यंत्र थंड पडण्याची वेळ येते. सांध्यांतली गळती मी इथे धरलेली नाही, पण निष्कर्ष त्याने बदलत नाही.

मग निवडायचे काय? उत्तर खेळात असते. जिथे प्रतिस्पर्धी अंगावर येतो, तिथे रेटण्याची ताकद मोलाची. रोबोकॉनच्या बहुतेक खेळांत एकमेकांना ढकलण्यापेक्षा नेमक्या जागी नेमक्या क्षणी उभे राहण्याला महत्त्व असते. तिथे आडवे सरकणाऱ्या चाकांचे पारडे जड होते.

एका संघाची गोष्ट सांगतो. मुले हुशार होती. मेकॅनमची चित्रफीत पाहून सगळ्यांनी एकमताने तीच निवडली. सांगाडा किंचित पिळलेला निघाला, एक चाक अधांतरी राहू लागले. सरळ चालवण्यासाठी कार्यक्रमात दुरुस्त्या सुरू झाल्या आणि त्या संपल्याच नाहीत. स्पर्धेला निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत ज्या मुलीला यंत्र चालवायचे होते, तिच्या हाती ते तासभरही आले नव्हते. मैदानावर ती चाचपडली. दोष तिच्या माथी आला. खरा निर्णय झाला होता दोन महिने आधी, दुसऱ्यांच्या तोंडून, आणि त्यात मीही मान डोलावली होती.

तेव्हापासून कोणी विचारले तर चाकांची नावे घेण्याआधी मी चार प्रश्न फळ्यावर लिहायला सांगतो. या खेळात यंत्राला आडवे सरकावेच लागते का, की ते वळूनही भागेल? कोणी ढकलले तर आपण किती टिकायचे? दोन सामन्यांच्या मध्ये चाक तुटले तर ते कोण बदलेल आणि किती मिनिटांत? आणि चालवणाऱ्याला सरावासाठी किती दिवस उरतील? चौथ्या प्रश्नाचे उत्तर आठवड्याहून कमी आले, तर सहा साध्या चाकांचे यंत्र बांधा असे मी सांगतो. मुलांची तोंडे पडतात. पण साधे यंत्र लवकर उभे राहते, आणि उरलेले दिवस ते चालवणाऱ्या पोरीच्या हाती असते.